पयले फाउंडेशन पाहू

आदिलाबादहून निघालेला रस्ता जैनथ, बेला करत कोरपन्याच्या बाजूने महाराष्ट्रात शिरतो. या डांबरी रस्त्याबद्दल कुणाची फारशी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती डांबर सोडून शेताकडे वळल्यावर. पैनगंगेच्या या काठाची माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून चिकट होते. दोन-तीन दमदार सरी झाल्या की ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचतं, मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल गच्च बसतो आणि हप्त्यावर घेतलेली नवी कार अंगणातच उभी राहते. मग गोठ्याशेजारच्या पत्र्याखालची जुनी जीप बाहेर निघते. तिचा नंबर ‘एपी ०१’ने सुरू होतो, म्हणजे तेलंगण वेगळं होण्याआधीचा, आंध्र प्रदेशातल्या आदिलाबादचा. २०१४ नंतरच्या गाड्यांवर ‘टीएस ०१’ आलं, २०२४पासून ‘टीजी ०१’ येतं आहे. नदीपलीकडच्या सोयऱ्यांच्या गाड्या ‘एमएच २९’ नाहीतर ‘एमएच ३४’. लग्नसराईत एकाच मांडवापुढे हे सगळे नंबर ओळीने लागलेले असतात.

पावसाळाभर चिखलात राबलेल्या या जीप गॅरेजला येतात त्या मात्र दिवाळीच्या आगेमागे. कारण उघड आहे. कार्तिकात जैनथच्या लक्ष्मीनारायणाचा उत्सव असतो. देऊळ जुनं आहे, आणि गाव त्याहून जुनं असावं; परमार राजा जगद्देवाच्या काळातला शिलालेख इथेच सापडला. उत्सवाला पाहुणे येतात, त्यांना आणायचं-पोचवायचं असतं. त्याच दिवसांत कापसाची वेचणी ऐन भरात असते. बायकांना सकाळी शेतावर न्यायचं, संध्याकाळी घरी सोडायचं, आणि मध्ये आदिलाबादच्या कापूस बाजारात चक्कर मारून ओलाव्याच्या टक्क्यांची हुज्जत घालून यायचं. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि १२च्या वर खरेदी नाही, हा सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, नियम इथल्या पोरासोरांना पाठ आहे. अशा वेळी गाडी थरथरायला लागली, गिअर सुटायला लागला, की मालकाचा जीव वरखाली होतो.

आदिलाबादकडच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या गॅरेजात अशीच एक महिंद्रची एमएम ५४० जीप उभी होती. बोनेट उघडं. मालक साठीचे शेतकरी, आपलं निदान घरूनच ठरवून आलेले. आयडलला गाडी फार हलते, म्हणजे नोजल गेले. क्लच सोडताना जर्क बसतो, म्हणजे क्लचप्लेट गेली. सायलेन्सरचा पाइप दोनदा वेल्डिंग करूनही त्याच जागी तुटला, म्हणजे वेल्डिंगवाला चोर. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं.

“काका, नोजलले सध्या हात नोका लावू. पयले फाउंडेशन पाहू.”

“ते तं मागच्याच साली टाकले ना नवे.”

“कोणते टाकले?”

“पट्ट्याचे.”

मिस्त्री यावर काही बोलला नाही. पोराला हाक मारून त्याने टॉर्च मागवला.

गॅरेजात ज्याला फाउंडेशन म्हणतात ते इंजिन आणि चेसिस यांच्यामधलं रबर. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये भट्टीत चिकटवलेला रबराचा ठोकळा, एवढंच. जीपमध्ये इंजिनाच्या दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली, क्रॉस मेंबरवर एक. काही मॉडेलांत मागेही दोन. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस हे सगळं एकमेकांना घट्ट जोडलेलं एकच धूड असतं आणि ते या तीन-चार रबरांवर टेकलेलं असतं. बाकी जे काही इंजिनाला जोडलंय, म्हणजे होज पाइप, डिझेलची नळी, एक्सलेटरची केबल, सायलेन्सर, अर्थिंगची पट्टी, त्या सगळ्यांनी इंजिन जागेवरच राहील असं गृहीत धरलेलं असतं.

हे रबर दोन वेगवेगळी कामं करतं आणि गंमत अशी, की ती एकमेकांच्या उलट आहेत. थरथर गिळायची तर रबर मऊ हवं. इंजिन जागेवर धरायचं तर ते कडक हवं.

थरथरीचा हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. आयडलला मिनिटाला ७५० फेरे धरले तर सेकंदाला साडेबारा फेरे आणि २५ धक्के. रबरावर बसलेल्या इंजिनालाही स्वतःची अशी डोलण्याची एक गती असते. ती रबर किती कडक आणि इंजिन किती जड यावर ठरते. ही गती धक्क्यांच्या गतीच्या साधारण सत्तर टक्क्यांखाली राहिली, म्हणजे इथे सेकंदाला सतरा-अठराच्या आत, तरच रबर धक्के गिळतं. त्याच्या वर गेली की गिळणं बंद होतं आणि धक्के वाढवून चेसिसला दिले जातात. रबर म्हातारं झालं की कडक होतं. ते चौपट कडक झालं तर डोलण्याची गती दुप्पट होते. म्हणून फाउंडेशन तुटलेलं नसतानाही, नुसतं वाळलं तरी आरसा थरथरतो, दारं वाजतात, स्टिअरिंग हाताला मुंग्या आणतं. नोजलवर संशय जातो तो इथेच.

दुसरं काम धरून ठेवण्याचं, आणि फोर व्हील गाडीत हेच जास्त महत्त्वाचं. मला वाटतं, जीपवाल्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट हीच आहे. शाफ्टला जितका पीळ देऊन चाकं फिरवायची, तितकाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सच्या धुडाला बसतो. साध्या कारलाही हा नियम चुकत नाही. पण जीपला दोन लिव्हर जास्तीचे असतात. जुन्या विलीज घराण्यातल्या सीजे-३बीचं उदाहरण घ्या. तिच्या टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर इंजिनाचा पीळ २.८ पट करतो. ट्रान्सफर केस ‘लो’मध्ये टाकली की ती त्याला पुन्हा २.४६ने गुणते. गुणाकार जवळजवळ सातवर जातो. म्हणजे हायवेवर टॉप गिअरमध्ये रबराला जेवढं सोसावं लागतं, त्याच्या सातपट चिखलात, लो फर्स्टमध्ये. आणि अडवायला तेच तळहाताएवढे ठोकळे.

हा पीळ दोन्ही बाजूंना सारखा बसत नाही. ड्रायव्हरच्या जागेवरून पाहिलं तर पुढे जाताना इंजिनाची डावी बाजू वर उठू पाहते आणि उजवी खाली दबते. रबर दाब सोसतं, ओढ सोसत नाही. त्यामुळे आपल्याकडे पहिलं फाटतं ते बहुधा डावीकडचं, क्लीनरच्या बाजूचं. रिव्हर्स टाकला की उलट होतं. आता रुतलेली गाडी काढताना आपण काय करतो ते आठवा: फर्स्ट, रिव्हर्स, फर्स्ट, रिव्हर्स, गाडी झुलवत झुलवत, मागून चार जणांचा जोर आणि ड्रायव्हरचा पाय एक्सलेटरवर. पाच मिनिटांच्या त्या झुलवण्यात रबराचं जेवढं नुकसान होतं तेवढं वर्षभराच्या आदिलाबाद-नागपूर फेऱ्यांत होत नसेल.

या जीपच्या वंशावळीचा इथे थोडा संबंध येतो. १९४५मध्ये महिंद्र अँड मोहम्मद ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीत पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. के. सी. महिंद्र युद्धकाळात हिंदुस्थान सरकारच्या खरेदी मोहिमेसाठी अमेरिकेत होते आणि विलीज कंपनीचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांच्याशी त्यांची तिथे ओळख झाली. १९४९मध्ये मुंबईतल्या माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडली जाऊ लागली. पुढे आलेल्या सीजे-३बीचं बोनेट उंच, कारण तिचं हरिकेन इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं. अमेरिकेत ती १९६८ला बंद झाली. आपल्याकडे तो चेहरा त्यानंतर कितीतरी वर्षं तहसीलदार, फॉरेस्टवाले आणि फौजदार यांच्यासोबत हिंडत राहिला.

पण हरिकेन इंजिन पेट्रोलचं होतं, त्याचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास. आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनल डिझेल इंजिन जीपमध्ये आलं, ऐंशीच्या दशकात प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० आलं आणि एमएम ५४०ने तेच घेतलं. त्यानंतर २५२३ सीसीचं डीआय. डिझेलचं कॉम्प्रेशन वीसच्या आसपास नाहीतर वर. तेवढ्या दाबातून निघणारा प्रत्येक धक्का पेट्रोलपेक्षा कितीतरी टणक, आणि इंजिनही जड. कंपनीने गाडीसोबत फाउंडेशनही बदललं. पण पेट्रोल महाग झाल्यावर गावोगावच्या मिस्त्रींनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवायचा जो सपाटा लावला, त्यात फाउंडेशनचा विचार शेवटी. चेसिसला अँगलचे तुकडे वेल्डिंग करायचे, भोकं जुळवायची आणि मध्ये मिळेल ते रबर. अशा गाड्या या भागात आजही आहेत. त्यांच्या खाली वाकून पाहिलं तर वेल्डिंगचे तीन-चार थर दिसतात, प्रत्येक थर वेगळ्या हाताचा. इंजिन अर्धा इंच जरी तिरकं बसलं असेल तर नवं रबरही पहिल्या दिवसापासून पीळ घेऊनच जन्माला येतं, आणि त्या मालकाला कुणी कितीही चांगलं फाउंडेशन विकलं तरी ते वर्ष-दीड वर्षात फाटणार. तिथे दोष रबराचा नसतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला हा इंजिन सरकण्याचा प्रश्न ठाऊक होता. तिच्यात क्लच हाउसिंगपासून मागच्या क्रॉस मेंबरपर्यंत एक तारेची केबल बांधलेली असे. क्लच दाबल्यावर इंजिन पुढे सरकू नये म्हणून. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांतून ती केबल कधी गळून पडली ते मालकांनाही माहीत नसतं.

गॅरेजातली तपासणी पाहण्यासारखी होती. गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड, चाकांपुढे-मागे दगड. मिस्त्री आधी कशालाही हात न लावता बोनेटखाली डोकं घालून पाच मिनिटं नुसता टॉर्च फिरवत राहिला. फॅनच्या पात्यांपासून रेडिएटरपर्यंत किती जागा आहे ते त्याने बोट घालून पाहिलं. वर बोट जेमतेम शिरत होतं, खाली दोन बोटं जात होती. म्हणजे इंजिन पुढून बसलंय. सायलेन्सरचा पाइप जिथे चेसिसजवळून जातो तिथे घासून चकाकी आली होती. फाउंडेशनच्या बोल्टभोवती लालसर भुकटी जमली होती. लोखंड लोखंडावर सरकत राहिलं की ही भुकटी येते. बोल्ट दिसायला घट्ट असला तरी ती खोटं बोलत नाही. डाव्या रबरावर तेलाचा थर होता. वरून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेलं ऑइल थेट त्याच्यावर उतरत होतं. नैसर्गिक रबराचा तेल हा शत्रू. तेल पिऊन ते फुगतं, मऊ पडतं आणि नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो.

मग काकांना गाडीत बसवलं. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पूर्ण पाय, फर्स्ट गिअर आणि क्लच अगदी हलकेच सोडायचा, गाडी हलता कामा नये. या वेळी गाडीपुढे कुणी उभं राहत नाही. मिस्त्री बाजूला, मडगार्डशी उभा होता. इंजिन डावीकडून उचललं गेलं, चांगलं दीड-दोन बोटं, आणि काकांनी क्लच दाबताच खाली येऊन धपकन आदळलं. “रिव्हर्स टाका.” या वेळी उजवीकडून, पण कमी. काकांना आतून हे दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता तो गिअरचा दांडा, आणि तो दोन्ही वेळा इंचभर सरकला होता. चढावर आपोआप गिअर का सुटतो, याचं उत्तर त्यांनी स्वतःच मोठ्याने देऊन टाकलं.

शेवटी टॉमी. डाव्या ब्रॅकेट आणि चेसिसच्या मधे टॉमीचं टोक घालून मिस्त्रीने हलकासा जोर दिला. वरची लोखंडी पट्टी उचलली गेली, खाली पट्ट्याचा ठोकळा जागेवरच राहिला, आणि दोघांच्या मधून पलीकडचा उजेड दिसला.

“पट्ट्याचे” म्हणजे कन्व्हेअर बेल्टचे. पैनगंगेपलीकडे वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. असल्या खाणींतले जुने पट्टे भंगारात निघाले की शेतीवाडीच्या शंभर कामांना लागतात. जनावरांखाली अंथरायला त्यासारखी वस्तू नाही. त्याचे तीन-चार थर कापून, भोक पाडून फाउंडेशन करायची युक्तीही सर्रास चालते, आणि ती काही दिवस चालतेही; तिचा घात तिथेच आहे. पट्ट्यात रबराच्या आत कापडाचे किंवा नायलॉनचे थर असतात, कारण त्याचं काम टनावारी माल ओढताना न ताणण्याचं. फाउंडेशनचं काम नेमकं उलट, आडवं झुकण्याचं. शिवाय खऱ्या फाउंडेशनमध्ये रबर दोन्ही पट्ट्यांना चिकटलेलं असतं; इथे ते नुसतं बोल्टाने दाबलेलं. इंजिन वर उचललं गेलं की सगळी ओढ एकट्या बोल्टवर. ट्रकच्या टायरचा तुकडा घातला तरी तेच. सागाचा तुकडा घातलेला मी पाहिलाय. त्याबद्दल काही न लिहिलेलं बरं.

इंजिन रबरावर बसवायची कल्पना मोटारीइतकी जुनी नाही. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन चेसिसला सरळ आवळलेलं असे. चार सिलिंडरची गाडी म्हणजे दात वाजवणारी गाडी, हे त्या काळी मानूनच चालायचे. क्रायस्लरने १९३१च्या प्लिमथमध्ये इंजिन त्याच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या रेषेभोवती झुलेल असं रबरावर टांगलं आणि त्याला ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हणून जाहिरातीत मिरवलं. फ्रान्समध्ये सिट्रोएनने पुढच्याच वर्षी तो परवाना घेऊन आपल्या गाड्यांवर तरंगत्या हंसाचं चिन्ह लावलं. हे शक्य झालं ते चार्ल्स गुडइयरने १८३९मध्ये रबर गंधकाबरोबर शिजवून टिकाऊ करून दाखवलं म्हणून. आज नव्या गाड्यांच्या फाउंडेशनमध्ये रबराच्या आत द्रव भरलेला असतो; कमी हलताना ते मऊ राहतं, जोरात हललं की कडक होतं. फाटलं की त्यातून पाणी गळल्यासारखं दिसतं आणि किंमत ऐकून जुन्या जीपचा मालक आपल्या जीपला नमस्कार करतो.

काकांनी किंमत विचारली. कंपनीचे तिन्ही टाकले तरी खर्च नोजल-पंपाच्या कामाच्या मानाने फार कमी होता. तरी पहिला प्रश्न आलाच: “तिन्ही कायले? फाटला तो एकच बदलव ना.” ही घासाघीस प्रत्येक गॅरेजात होते आणि इथे मी मिस्त्रीच्या बाजूचा आहे. एक नवं आणि दोन बसलेली असली की इंजिन तिरकं उभं राहतं. नवं रबर उंच, म्हणून सगळा भार त्याच्यावर. सहा महिन्यांत तेही जातं आणि मग दोष दुकानदाराला. मागचं, गिअरबॉक्सखालचं तर लोक विसरूनच जातात, कारण ते वरून दिसत नाही. पण पुढे पीळ आणि मागे ओझं, अशी विभागणी काही रबर मानत नाही.

दुकानात रबर घेताना काय पाहायचं ते मिस्त्रीने काकांनाच शिकवून पाठवलं. अंगठ्याचं नख दाबा, खळगा पडून तो भरून यायला पाहिजे. रबर आणि लोखंड जिथे भेटतात तिथली कड चहूकडून पाहा. पापुद्रा सुटलेला दिसला तर बाजूला ठेवा. लोकल मालात जुनं रबर मिसळलेलं असतं, ते वासाने कळतं आणि हाताला भुकटी लागते. दुकानात पडून पडून वाळलेला कंपनीचा मालही नको. आदिलाबादला नाही मिळालं तर नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या बसने रात्रीतून पार्सल येतं. इथे मिळालं.

बोल्टांवर आदल्या संध्याकाळीच डिझेल मारून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं गंजलेला बोल्ट कोरडाच फिरवला तर तुटतो, आणि चेसिसमध्ये तुटलेला बोल्ट म्हणजे एका तासाच्या कामाचा पूर्ण दिवस. सकाळी पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्याचं. मग रेडिएटरचा वरचा होज, फॅनभोवतीचं कव्हर, एक्सलेटरची जोडणी आणि सायलेन्सरचे फ्लँज-बोल्ट ढिले. हे न करता इंजिन उचललं तर फॅन रेडिएटरमध्ये शिरतो नाहीतर पाइप तडकतो. चेसिसखाली घोड्या लावल्या; नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मिस्त्री शिरत नाही आणि पोरालाही शिरू देत नाही. ऑइल चेंबरखाली जॅक लावताना मध्ये जाड फळी. चेंबरचा पत्रा पातळ, थेट जॅक लागला तर खळगा पडतो आणि आत ऑइल ओढणारी जाळी त्या खळग्यावर टेकते. बाहेरून काही कळत नाही, पुढच्या महिन्यात बेअरिंग जातं.

जॅकवर तेलुगू पोरगा, टॉर्च धरणारा दख्खनी बोलणारा शेजारचा टायरवाला, बोल्टवर मराठी मिस्त्री.

“अन्ना, पैकी?”

“पैकी. इंका कोंचेम.” म्हणजे वर, अजून थोडं.

“बस बस, उत्ताच रखो.”

इंजिन फक्त भार सुटण्यापुरतं, अर्धा इंच, उचललं. आधी डावी बाजू. उजवीचे बोल्ट ढिले केले पण काढले नाहीत. दोन्हीकडचं एकदम सोडलं तर इंजिन सरकतं आणि भोकं जुळवता जुळवता दुपार होते. पट्ट्याचे तुकडे निघाले तेव्हा त्यांच्या कडा भाजल्यासारख्या काळ्या-करड्या झाल्या होत्या. ब्रॅकेटला तडा तर नाही ना, हे मिस्त्रीने तारेच्या ब्रशने घासून, डिझेल लावून पुसून पाहिलं. तड्यात शिरलेलं डिझेल पुसल्यावर पुन्हा रेषेसारखं बाहेर येतं. तडा नव्हता. बोल्ट पट्टीच्या भोकात लांबट घासला होता, म्हणून तो नवा, आणि स्प्रिंग वायसरही नवेच. जुना वायसर पुन्हा लावणं ही दोन रुपयांची बचत आहे. ती करणाऱ्या गॅरेजात गाडी नेऊ नये.

नव्या फाउंडेशनला खाली एक छोटी लोखंडी गुंडी असते, ती ब्रॅकेटच्या खाचेत बसायला हवी. ती न बसवताच बोल्ट आवळला तर रबर पहिल्याच दिवशी तिरकं दबतं. सगळे बोल्ट हाताने फिरवून चार-चार आटे बसवले, पाना लावला नाही. उजवी बाजू बदलली, मग मागचं. मागच्याला वेळ लागला, कारण क्रॉस मेंबरवर चिखलाचा इतका थर होता की बोल्टचं डोकं शोधावं लागलं. भार खाली सोडला. इंजिन हाताने डावीकडे-उजवीकडे दोन-चार वेळा हलवून जागेवर बसू दिलं आणि मगच गोटी पान्याने आवळलं, आधी इंजिनाकडचे, मग चेसिसकडचे, शेवटी मागचे. लटकत्या इंजिनाचे बोल्ट आवळायची घाई बरेच जण करतात; मग रबर पीळ धरूनच बसतं.

यानंतर मिस्त्रीने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. काकांनी ते सांगितलं नव्हतं. पण वरून ऑइल ठिबकत राहिलं तर नवं रबरही तेच पिणार. मग इंजिन आणि चेसिसमधली अर्थिंगची पट्टी काढून तिची टोकं पॉलिश पेपरने घासली. इंजिन रबरावर बसलेलं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चेसिसपासून तुटलेलं. ही पट्टी खराब असली तर सेल्फ मारताना करंट दुसरी वाट शोधतो, एक्सलेटरच्या केबलमधून, मीटरच्या केबलमधून. केबल तापून जाम होते आणि लोक केबल बदलत बसतात. ब्रेक बूस्टरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी त्याने ताणून पाहिली. इंजिन वर्षभर उड्या मारत असलं की हीच नळी नकळत चिरते आणि एके दिवशी उतारावर ब्रेक दगडासारखा कडक लागतो. क्लचचा फ्रीप्ले पुन्हा लावला, कारण इंजिनाची उंची बदलली की क्लचची जोडणीही बदलते. फॅन आणि रेडिएटरमधली जागा आता वर-खाली सारखी होती.

गाडी चालू केल्यावर पुन्हा तीच परीक्षा, ब्रेक, फर्स्ट, क्लच. इंजिन डावीकडून उचललं गेलं ते अर्ध्या बोटाएवढं आणि तिथेच थांबलं. थोडं हलायलाच हवं. अजिबात हललं नाही तर बोल्ट कुठेतरी रबर ओलांडून लोखंडाला टेकलाय असं समजायचं. आरसा स्थिर झाला. क्लचचा जर्क गेला. काका गाडी घेऊन डांबर सोडून कच्च्या वाटेवर एक फेरी मारून आले आणि फोर व्हील लावून, लो टाकून, गिअर धरतो का तेही पाहून आले.

आयडलला थोडी थरथर मात्र उरली होती. काकांनी लगेच ते पकडलं. “पाहय, मी म्हटलं होतं. नोजल.”

“असन. पन आता ते खरं कळन.”

आता नोजलचा दोष असला तर तो नोजलचाच दिसेल, फाउंडेशनच्या थरथरीत मिसळलेला नाही. दोन्ही एकदम केलं असतं तर कशाने काय बरं झालं हे कुणालाच कळलं नसतं, आणि पंपवाल्याचं बिल आधीच फाटलं असतं. सायलेन्सरच्या पाइपला वेल्डिंग केलं, या वेळी पाइप ताणून न बसवता आधी फ्लँज जुळवून. मिस्त्रीने सांगितलं, चार-पाचशे किलोमीटर चालवा आणि परत या. नवं रबर बसतं तसे बोल्ट थोडे सैल होतात, ते पुन्हा आवळायचे, आणि तेव्हा नोजल काढून टेस्टिंगला पाठवू. काका म्हणाले, उत्सवाचे पाहुणे गेल्यावर येतो. मिस्त्रीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्या नावापुढे किलोमीटरचा आकडा लिहिला आणि पुढच्या गाडीचं बोनेट उघडलं.